बाईसाहेब जेवत नाहीत

होम हिल, क्वीन्सलंड
रविवार, १५ जानेवारी २००६

प्रिय बेरिल,

आज सकाळी गवत कापलं. दुपारी आभाळ भरून आलं, पण पडलं काही नाही. चहाच्या वेळी नेव्हिल आला आणि थोडं बसून गेला. रात्रीसाठी अंडं आणि टोस्ट केलं, ते खाऊन आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसलो आहे.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल राग मानू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे टास्मानियात उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं असं नोएला सांगायची. इथे अंगावर चादरही नको वाटते. आंबा यंदा इतका लागला की पडलेले आंबे फावड्याने उचलावे लागतात. तुझी बहीण असती तर चटणीच्या बरण्या भरून अख्ख्या गल्लीत वाटल्या असत्या. मी दोन बादल्या भरून शेजाऱ्यांच्या फाटकाशी ठेवल्या. बादल्या धुऊन परत आल्या.

कारखाना बंद आहे, उसाला पाणी चालू आहे. वजनकाट्यावर माझ्या जागी आता एक मुलगी बसते. चांगली आहे, हात करते.

बातमी म्हणावी अशी एकच आहे आणि ती तुला आवडणार नाही. बाईसाहेब जेवत नाहीत.

तू तिला कधी नाव घेऊन हाक मारली नाहीस, पण आमच्या घरात ती बाईसाहेबच होती. नोएला ऑक्टोबरात गेली, त्यानंतर या अजगराने काहीही घेतलेलं नाही. थंडीत ती जात महिनोन्महिने उपाशी राहते, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण हे दिवस खाण्याचे आहेत. परवा तिला उचलून बाहेर घेतली तर पाठीचा कणा हाताला लागला. पूर्वी ती हाताला पाण्याने भरलेल्या नळीसारखी लागायची.

करायचं ते सगळं करतो. फ्रीझरमधला उंदीर काढतो, बादलीत कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवतो, लांब चिमट्यात धरून तिच्यापुढे हलवतो. ती येते, जीभ काढते, बघते आणि आपल्या लाकडाच्या ओंडक्यामागे निघून जाते.

हे मी एकट्याने करत नाही, काळजी करू नकोस. तीन मीटरच्या वरचं जनावर एकट्याने खायला घालायचं नाही, हा नोएलाचा नियम होता. ते अंगाला विळखा घालून बसलं तर सोडवायला दुसरा माणूस हवा. चिमटा तिच्या हातात असायचा आणि मी मागे पेटीच्या सरकत्या काचेपाशी. उंदीर चिमट्यातून सुटला की ती म्हणायची, "सुटला." मी काच सरकवून म्हणायचो, "बंद." सतरा वर्षं आम्ही दोघं त्या पेटीपुढे एवढंच बोललो. आता चिमटा माझ्याकडे आला आहे आणि मागे नेव्हिल उभा राहतो. तो सर्पमित्रांच्या मंडळातला, त्याच्याकडे स्वतःचे काळ्या डोक्याचे अजगर आहेत.

आज तो म्हणाला, "म्हाताऱ्या, साप काही सुतक पाळत नाही. हिला मेलेलं नकोसं झालंय. एक जिवंत टाक आणि मग बघ."

"नोएलाने कधी टाकला नाही."

"नोएलाचं सोड. ती फ्रीझरमधल्या उंदरालासुद्धा थँक यू म्हणायची."

"कायद्यात बसत नाही."

"उपाशी मरायला लागलं तर बसतं. मी विचारून आलोय. आणि तुझ्याच्याने होणार नसेल तर मला दे तिला. मी बघतो काय ते."

तो तिला घेऊन गेला तर जिवंतच घालणार. बाईसाहेबांच्या मानेवर खवले नसलेली एक जागा आहे, करंगळीएवढी. आमच्याकडे यायच्या आधी कोणीतरी तिच्यापुढे उंदीर सोडून निघून गेलं होतं. उंदीर घाबरला, ती भुकेली नव्हती, आणि उंदराने तिला कुरतडलं. तिला मेलेलं खायला शिकवायला नोएलाला अख्खं वर्ष लागलं. ती म्हणायची, "एका पेटीत दोघांना कोंडायचं आणि दोघांनाही पळायला जागा ठेवायची नाही, हे मी करणार नाही."

तेव्हा मी पुढच्या आठवड्यात पुन्हा मेलेलाच देऊन बघेन. नाही जमलं तर दोनच वाटा उरतात आणि दोन्ही मला नको आहेत.

जनावर देऊन टाक, असं तू अंत्यविधीनंतर म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. तू आणखीही एक म्हणालीस. ते ऐकून मी उठून बाहेर गेलो, आणि तू टॅक्सी बोलावलीस.

गुडघ्याला जप.

तुझा
क्लेम


होम हिल
मंगळवार, ३१ जानेवारी २००६

प्रिय बेरिल,

रविवारी नेव्हिल येऊन गेला. काल गावात गेलो होतो. आज सकाळपासून पाऊस आहे, म्हणून घरातच आहे. तुझं पत्र आलेलं नाही, पण मला थांबवत नाही.

मेलेला पुन्हा देऊन पाहिला, तोही तिने घेतला नाही. मागच्या गुरुवारी नेव्हिल आइस्क्रीमच्या डब्याला भोकं पाडून त्यात एक पांढरा उंदीर घेऊन आला. "रविवारी येतो. तोवर सांभाळ. एकट्याने शहाणपणा करू नको," असं म्हणून गेला. डबा लहान होता, म्हणून मी उंदराला नोएलाच्या पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात घातलं आणि पिंजरा कपडे धुवायच्या खोलीत ठेवला. सकाळी टोस्टची कड दिली. दोन हातांत धरून खातो. घरात आपल्याशिवाय दुसरं कोणी खात असलं की आवाज येतो, हे मी विसरलो होतो.

रविवारी नेव्हिलने त्याला परत डब्यात घातलं आणि काच सरकवली. डबा माझ्या हातात दिला. मी तो पुढे धरताच बाईसाहेब ओंडक्यामागून बाहेर आल्या. मी डबा डावीकडे नेला, डोकं डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे. तीन महिन्यांत ती अशी बघितली नव्हती.

"बघ! बघ! मी सांगत नव्हतो?" नेव्हिल म्हणाला. "काढ झाकण."

आत उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तो हलत नव्हता. मला त्याचं वजन एका बाजूला लागत होतं आणि तेवढ्याच जागी डबा गरम होता.

"नेव्ह, हा गरम आहे."

"जिवंत आहे म्हटल्यावर गरमच असणार, शहाण्या. बर्फात ठेवला होता का?"

"आपला गार असतो."

"कोमट पाण्यातून काढतोस ना?"

"काढून इथवर आणेपर्यंत गार होतो. आणि ओला."

"माझे खातात तसलेच."

"तुझ्या काळ्या डोक्यांच्या ओठांवर हिच्यासारख्या खाचा नसतात. नोएला सांगायची. हिला त्या खाचांनी ऊब कळते."

नेव्हिल डोकं खाजवायला लागला. मी काच लावली आणि डबा घेऊन धुवायच्या खोलीत गेलो. पिंजरा उघडून उंदराला आत सोडलं. सिंकच्या वर खुंटी आहे. ती रिकामी होती. तिथे काय असायचं ते मला एकदम आठवलं, आणि मी तिथेच फरशीवर बसलो. नेव्हिलला वाटलं, मला भोवळ आली. तो पाणी घेऊन आला.

बेरिल, आता तू त्या दिवशी जे म्हणालीस त्याबद्दल लिहितो. तुझे शब्द मला पाठ आहेत. "ती दर रविवारी त्या दाराआड बसून नसलेले केस वाळवायची आणि तू बाहेर चहा पीत बसायचास. एकदा दार उघडावंसं वाटलं नाही तुला?"

तू सप्टेंबरात आली होतीस तेव्हा ऐकलंस. मी ते वर्षानुवर्षं ऐकत होतो. खाऊ घालायच्या रविवारी ती धुवायच्या खोलीत जायची, दार लावायची, थोड्या वेळाने ड्रायरचा आवाज यायचा. मला वाटायचं, केस धुतले असतील. मग औषधांनी तिचे केस गेले, ती निळा रुमाल बांधायला लागली, आणि आवाज थांबला नाही. मी टेबलाशी बसून ऐकायचो. दारापर्यंत जायचो. तिला तेवढा वेळ एकटीला हवा असेल असं मनाला सांगून परत यायचो. थोड्या वेळाने ती बाहेर येऊन म्हणायची, "क्लेम, चल." मी तिच्या डोळ्यांकडे बघायचो. ते रडलेले नसायचे. त्याचीही मला भीती वाटायची.

तिच्या वस्तू आवरताना तू सगळ्यात आधी ड्रायर खोक्यात टाकलास, हे मी पाहिलं होतं. ते खोकं मीच गाडीत ठेवून चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचवलं. मला तो घरात नको होता.

काल दुकानात गेलो. गल्ल्यावर ग्लेनिस होती. ड्रायर मागच्या फळीवर होता, त्याच्या वायरीला नोएलाने लावलेली हिरवी पट्टी तशीच होती.

"क्लेम, तुला हा कशाला?" ग्लेनिस म्हणाली. "डोक्यावर एक केस नाही तुझ्या."

"उंदीर वाळवायला."

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली आणि म्हणाली, "पिशवी देऊ का रे?"

गाडीत बसून मी तो उलटा करून बघितला. हवा आत घेतो त्या मागच्या जाळीत केस अडकले होते. आखूड, पांढरे. नोएलाचे गेले तेव्हाही तपकिरी होते, तुला ठाऊक आहे.

ती उंदीर कोरडा करत होती, बेरिल. त्याचं तोंड गरम करत होती. तू दारावर थाप मारलीस तेव्हा "आले गं, दोन मिनिटं" म्हणाली, ते खरंच दोन मिनिटांचं काम होतं. मी दुकानाबाहेर गाडीत मोठ्याने हसलो. रस्त्यावरच्या एका बाईने वळून पाहिलं. मग गाडी लगेच चालवता येईना.

दार ती का लावायची, हे घरी आल्यावर आठवलं. बाईसाहेब आल्या त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "साप ठेव, पण ते मेलेलं मला दाखवू नकोस." ती "बरं" म्हणाली होती. त्यानंतर तिने मला एकदाही दाखवलं नाही. आजारपणातही नाही.

उंदीर नेव्हिलला परत दिला. तो म्हणाला, "हा जाडा झालाय. काय घालत होतास?" मी टोस्ट म्हणालो. लोणी लावून, हे नाही सांगितलं.

बाईसाहेबांची खायची पाळी पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी. त्यांचे डोळे आता दुधाळ झाले आहेत, म्हणजे कात टाकणार. त्या दिवसांत त्रास द्यायचा नसतो.

तुझा
क्लेम


होम हिल
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय बेरिल,

आज पाऊस होता. सकाळी चर्चला गेलो नाही. दुपारी उंदीर काढून बादलीत घातला. नेव्हिलचा फोन आला की ओढ्यावरून पाणी जातंय, गाडी येणार नाही. आता पाऊस थांबला आहे.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तीनदा वाचलं. तू लिहिलंस की दार तुलाही उघडता आलं असतं. तसं म्हणू नकोस. तुला तिने हाक देऊन थांबवलं. मला थांबवायला कोणी नव्हतं. ती त्या आवाजात रडत नव्हतीच असं मी शपथेवर सांगू शकत नाही, हेही लिहून ठेवतो. माणूस दोन्ही करू शकतो. पण उंदीर तरी ती नक्की वाळवत होती, आणि मला तेवढं पुरतं. तुलाही पुरावं.

आता नेव्हिलला सांगितलेलं नाही ते सांगतो. मऊ झालेला उंदीर परत गोठवता येत नाही, फेकावा लागतो. आणि कात टाकून ती सकाळपासून काचेशी येऊन बसली होती. मी फोनपाशी उभा राहून कोणाला बोलवता येईल याचा विचार केला. ग्लेनिस सापाला भिते. शेजारी मुलाकडे गेले आहेत. वजनकाट्यावरच्या मुलीचं आडनावही मला ठाऊक नाही. तेवढीच माणसं आठवली.

म्हणून एकट्याने केलं.

धुवायच्या खोलीत गेलो. उंदीर जुन्या टॉवेलने पुसला, मग ड्रायर लावला. आधी अंग, शेवटी तोंड. केस वाळले की फुगतात आणि तो झोपल्यासारखा दिसतो. मला वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. त्याच्या कानाला हात लावून बघितला, गरम होता. सतरा वर्षं मी कशाला घाबरत होतो कोण जाणे. तिच्याशेजारी उभं राहायला जागा होती त्या खोलीत.

काच अर्धीच सरकवली. चिमटा लांब धरला. मागे स्टुलावर स्पिरिटची बाटली ठेवली होती. तिने पकडलंच मला, तर तिच्या तोंडाशी ओतायला, म्हणजे ती सोडते. बाईसाहेब पुढे आल्या. जीभ दोनदा बाहेर आली. मला वाटलं, आता वळणार. मग एवढ्या जोरात झडप आली की चिमटा हातातून जाता जाता राहिला, आणि दुसऱ्याच क्षणी उंदीर वेटोळ्यांत दिसेनासा झाला.

"सुटला," मी म्हणालो.

मागून काही आलं नाही. मी तसाच उभा राहिलो, मूर्खासारखा. मग काच सरकवली आणि "बंद" तेही मीच म्हणालो.

तिने सगळा गिळला. शेवटी शेपूट राहिली होती, तीही गेली. पाणी प्यायली आणि दिव्याखाली जाऊन पसरली. मी खुर्ची ओढून तिच्यापुढे बसलो होतो. नेव्हिलला फोन केला. आधी त्याने मला गाढव म्हटलं. मग तो म्हणाला, तिला कोणाला देऊ नको. मी म्हटलं नाही देत.

थंडी पडेपर्यंत ती आता खाईल. एप्रिलमध्ये इथे हवा बरी असते, गुडघ्यालाही. तुला उंदीर बघावा लागणार नाही, तो भाग माझ्याकडे. मागे उभं राहणाऱ्याला फारसं काही दिसतही नाही, फक्त काच सरकवायची आणि एक शब्द बोलायचा. तुझ्या खोलीत पंखा नवा बसवला आहे. यायलाच हवं असं नाही.

हे पत्र पाकिटात घालतो. मग टॉवेल भिजत टाकायचा आहे. ड्रायरची वायर ती गुंडाळायची तशी हाताभोवती गुंडाळून खुंटीला लावतो. त्या खोलीचं दार उघडंच ठेवतो.

तुझा
क्लेम