फ्रिजचं उघडं दार

बाबा,

काल दादाकडे तुम्हाला भेटायला आले, तेव्हा टेबलावर तुमच्या प्रोस्टेटच्या इंजेक्शनची चिठ्ठी दिसली. नाव ओळखीचं निघालं. लग्नाआधी गर्भाशयाच्या दुखण्यासाठी सहा महिने मी हेच घेत होते. हार्मोन बंद करणारं. अंगातून वाफा निघायच्या, कारण नसताना रडू यायचं. डॉक्टरांनी हाडांची तपासणी सांगितली होती. तुम्ही म्हणालात, "बाईच्या जातीनं एवढंही सोसायचं नाही?" एकदा फ्रिज उघडून उभी राहिले, तर तुम्ही दार माझ्या अंगावरच लोटलंत. "नाटकी, पुरे आता!"

काल तुम्ही तसेच फ्रिजमध्ये डोकं घालून उभे होतात. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. वहिनी कुजबुजली, "वन्सं, बाबांची नाटकं फार वाढलीत हल्ली."

तुमचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "नाटक नाही गं, इंजेक्शनचा त्रास आहे. डॉक्टरांना विचारून त्यांच्या हाडांची तपासणी करून घ्या."

तुम्ही वळून पाहिलंत आणि ओशाळून दार लावायला लागलात. मी ते धरून ठेवलं.

माफ केलेलं नाही, बाबा. पण या दुखण्यात ते तुम्हाला ऐकवायचंही नाही, म्हणून हे पत्र पर्समध्येच राहणार आहे.

तुमची,
नाटकी