खुडलेली खरबुजं

३ मार्च
फळं मोठी झाली! काचघरात पुढच्या रांगांतल्या आमच्या खरबुजांच्या वेलींवर एकेक फळ असं टरारून फुगलंय, की शेजारच्या साध्या वेलींकडे बघवत नाही. वाढीला लगाम घालणारं जनुक आम्ही बंद केलं, त्याचाच हा परिणाम — माझे मार्गदर्शक सर म्हणतात. आईला फोन केला. "म्हणजे आता तरी घरी येशील?" एवढंच म्हणाली.

७ मार्च
एक गोष्ट खुपतेय. लगाम सुटला तर पान, फूल, सगळंच मोठं व्हायला हवं. पानं मोजली — साध्या वेलींसारखीच. फुलंही तशीच. मग फळच तेवढं कसं?
सरांना विचारलं. "फळ मोठं झालंय ना? मग झालं तर!"
हे सरांचं बोलणं नाही. एक पान मोजायचं राहिलं म्हणून मला आठवडाभर फैलावर घेणारा माणूस हा!

८ मार्च
पानं पुन्हा मोजली. तेवढीच.

१२ मार्च
आज लवकर गेले. सर काचघरात एकटेच. आमच्याच वेलींवरची कोवळी फळं खुडून कोटाच्या खिशात भरत होते. वेलीवर एकच फळ ठेवलं की सगळं पोषण त्यालाच — फुगणारच ते! जनुकाचा काय संबंध?
"सर, हे काय करताय?"
दचकले. मग हसले. "गर्दी झाली होती गं वेलीवर."
गर्दी म्हणे! माझी सगळी वर्षं पाण्यात, आणि हा माणूस हसतोय!

१३ मार्च
शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "गप्प बस. प्रबंध दे नि मोकळी हो." नाही जमलं. संचालकांकडे तक्रार केली. सूक्ष्मदर्शकाखाली कळी कशी धरायची, ते याच माणसानं शिकवलं मला.

१९ मार्च
चौकशी झाली. "का खुडलीत फळं?" सर टेबलाकडे बघत राहिले. काकू — सरांची बायको — बाहेर बाकावर बसून होत्या. "आधी माझ्याकडे यायचंस गं," म्हणाल्या. मी तोंड फिरवून निघाले. नवऱ्याचीच बाजू घेणार त्या!
सरांना घरी बसवलं.

२१ मार्च
आमच्या वेलींच्या मागच्या रांगेपर्यंत सरांचा हात पोचला नव्हता. तिथली फळं मोजली. आकार साध्या वेलींवरच्या फळांएवढाच. म्हणजे जनुकच चुकीचं निवडलं होतं. सुरुवातीपासून. संपलं सगळं. आईला काय सांगू?

२६ मार्च
सरांची पुस्तकं पोचवायला घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मला नीट निरखून बघितलं, अदबीनं बाजूला झाले.
"या ना. कोण हवंय आपल्याला?"
आणि आत वळून — "अगं, कुणी बाई आल्यात बघ."