पिल्लाला दिलेली लेखी ताकीद

तीर्थरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. हे केवळ पत्राची रीत म्हणून लिहीत नाही. या घटकेला मी खरोखरच वाकलेली आहे, कारण पेनाचं टोपण टेबलाखाली गेलंय आणि टोपणामागे तुम्ही दिलेलं पिल्लू गेलंय. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे महिन्यापूर्वी चांगले होते. चिरंजीवांचा खोकला थांबला का? सूनबाईंना आशीर्वाद सांगा. त्या घरात फार बोलत नाहीत म्हणून तुम्ही मागच्या पत्रात काळजी केली होतीत, ती सोडा. तुम्ही श्वास घ्यायला थांबाल तेव्हा बोलतील. मी खुशाल आहे. (दोन बोटांना पट्टी आहे, एका साडीला पदर राहिलेला नाही, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली आहे. एवढं सोडून खुशाल.)

रविवारी तुम्ही येणार, कारण रविवारी महिना भरतो. आपलं काय ठरलं होतं ते मला पाठ आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी फिरवायला नको. तुमचे भाऊ जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून तुमचं एकच चाललंय, की मी बाइंडिंगचं दुकान बंद करावं, यंत्र विकावं, घराला कुलूप लावावं आणि तुमच्याकडे येऊन राहावं, त्या मागच्या खोलीत, जिथे बॅगा आणि जुना पंखा राहतात. मी नको म्हणाले. मग तुम्ही टोपलीतून हे पिल्लू आणलंत. 'घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं ग, एकटी बाई भिंतीशी बोलायला लागते,' म्हणालात. (भिंतीचा एक गुण आहे, ती मध्येच तोडत नाही.) हे पिल्लू महिनाभर नीट सांभाळून दाखवलंस तर पुन्हा दुकानाचा विषय काढणार नाही, आणि नाही जमलं तर मुकाट्याने सामान बांधायचं, अशी तुमची अट. मी हो म्हणाले, कारण पिल्लू लहान होतं. लहान तर ठिणगीही असते, हे तेव्हा सुचलं नाही.

तुमच्या शेजारणीच्या कुत्रीला पाच झाली. चार लोकांनी निवडून नेली आणि पाचवं तुम्ही माझ्या एकटेपणासाठी राखून ठेवलंत, हा तुमचा मोठेपणा. 'स्वभावाने शांत आहे,' असंही म्हणालात. तेव्हा ते झोपलेलं होतं. झोपेत मीसुद्धा शांत असते, आणि तुम्हीसुद्धा, असं तुमचे भाऊ सांगत.

तुमची गाडी कोपऱ्यावर वळली आणि तो जागा झाला. माझं घर तुम्हाला माहीत आहे, पुढची खोली दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. पडदा आता नाही. पहिल्याच सकाळी त्याने शिलाईच्या दोऱ्याचं रीळ तोंडात धरलं आणि टेबलाचा पाय, खुर्ची, पाण्याचा माठ, पुन्हा टेबल आणि माझा घोटा असा फेरा घालून सगळी खोली शिवून टाकली. टाके एकसारखे नव्हते, पण घट्ट होते. मला कातरीने उसवून बाहेर यावं लागलं. कागद कापून उरलेली कातरणं आपण पोत्यात भरतो ना, त्या पोत्यात तो दुपारचा झोपतो आणि उठला की ती सगळी कातरणं त्याच्याबरोबर घरभर फिरायला निघतात. म्हणून मी त्याला कातरण म्हणते. नाव म्हणून नाही, तक्रार म्हणून.

पण खरी आफत खळीची. खळ मैद्याची, मीच शिजवते, आणि बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीत ती असते, हे तुम्ही बाइंडरची बहीण असून विसरलात आणि मी बाइंडरची बायको असून विसरले. मैद्याच्या दुकानात उंदीर पाळावा तसं हे झालं. बाकीचे वाचक पुस्तक पुढून उघडतात, हा मागून चाटायला घेतो आणि पाठीचं कापड सोलून निवांत आत शिरतो. एका वकिलांचा कायद्याचा ग्रंथ त्याने असाच मोकळा केला. मी हात जोडले, तर वकील खूश. 'बाई, या पुस्तकात एवढा रस घेतलेला मी पहिल्यांदाच पाहतोय,' म्हणाले.

आणि तो लोखंडी शिकंजा. तुमच्या भावांनी शेवटच्या दिवशी एक पुस्तक दाबायला त्यात घातलं, चाक फिरवलं, आणि हात धुवायला गेले ते परत दुकानात आलेच नाहीत. ते चाक मी अजून फिरवलेलं नाही. माझी पुस्तकं मी दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा ठेवून दाबते. 'बंद यंत्र कशाला जपतेस, गंजतंय नुसतं,' हे तुम्ही दर खेपेला म्हणता आणि मी दर खेपेला चहा टाकायला आत जाते. तर हा प्राणी रोज सकाळी त्या शिकंज्यासमोर बसतो आणि त्याच्यावर भुंकतो. समजावलं, रागावले, वरून चादर टाकली. चादर त्याने खाली ओढली आणि भुंकायला लागला. आतली खळ वाळून चौदा महिने झाले, त्याला अजून कसला वास येतो कोण जाणे.

आता पुस्तकाचं ऐका. चिरंजीवांनी पिल्लासोबत एक पुस्तक पाठवलं होतं, पिल्लाला वळण कसं लावावं याचं. नवंकोरं, पण हल्लीची बांधणी, दुसऱ्यांदा उघडलं तर पाठ सुटली. सुटलेलं पुस्तक तसंच वाचणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून आधी ते पूर्ण सोडवलं आणि फर्मे, म्हणजे आतल्या घडीच्या जुड्या, टेबलावर रचून ठेवले. शेजारीच बडेबाबूंचं काम होतं. बडेबाबू म्हणजे कोपऱ्यावरच्या कचेरीतले मुख्य कारकून. त्यांनी नव्या कारकुनांसाठी शिस्तीची पुस्तिका लिहिली आहे, आणि तिची एक खास प्रत साहेबांना भेट द्यायला माझ्याकडे बांधायला दिली होती. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, दोन्हींचे आठ-आठ फर्मे, एका फर्म्यात एक प्रकरण. कातरण टेबलावर चढला आणि दोन्ही ढीग जमिनीवर आले.

फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक आकडा छापलेला असतो, त्यावरून क्रम लावायचा. तुमच्या भावांचा नियम तुम्हाला आठवत असेल, बाइंडरने आकडा वाचावा, मजकूर वाचू नये, मजकूर वाचला की हात थांबतो. हा नियम मी तीस वर्षं मोडला. लग्न झालं तेव्हा मला जेमतेम अक्षरं लावता येत होती. जे वाचन आलं ते या सुट्या फर्म्यांवर आलं, तेही हाताला लागेल त्या क्रमाने. (कितीतरी कादंबऱ्यांतली माणसं मला आधी मेलेली भेटली आणि मग त्यांची लग्नं झाली. त्यामुळे मी कुणाच्याच लग्नात फार हरखत नाही.) ते कुरकुरायचे आणि मी वाचायचे. ते गेले आणि मी नियम पाळायला लागले. चौदा महिन्यांत बांधलेल्या एकाही पुस्तकात काय होतं ते मला विचारू नका. त्या दिवशीही आकडे पाहिले, एक ते आठ, एक ते आठ, दोन्ही पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले, बडेबाबूंची प्रत कचेरीत पोचती केली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या पुस्तकाबरहुकूम पिल्लाला वळण लावायला बसले.

सुरुवात सरळ होती. पिल्लाला हाक मारून बसवावं, बसलं की लगेच खाऊ द्यावा. मग पाचवं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, नवीन कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी त्याची जागा दाखवावी आणि परवानगीवाचून ती सोडू देऊ नये. कर्मचारी हा शब्द वाचून मी क्षणभर थबकले, पण म्हटलं लेखक सभ्य माणूस दिसतो, हल्ली सगळ्यांनाच मानाने बोलायची पद्धत आहे. जागा दाखवली. त्याने ती ओली केली. रोज दहाला हजेरी घ्यावी, असं होतं. घेतली. वरिष्ठ आत येताच उठून उभं राहावं, हे त्याला आधीपासूनच येत होतं, फक्त तो वरिष्ठाच्या अंगावर उभा राहतो. चुकीबद्दल तीन वेळा तोंडी ताकीद द्यावी, न सुधारल्यास लेखी द्यावी आणि ती संबंधिताच्या नजरेस पडेल अशी लावावी. वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं, मी लेखी ताकीद दिली. स्वच्छ अक्षरात चार ओळी लिहिल्या, पोत्याच्या वरच्या भिंतीवर त्याच्या उंचीला लावल्या. खळीने लावल्या. त्याने ताकीद खाल्ली आणि दुसरी मिळेल या आशेने शेपूट हलवत माझ्याकडे बघत बसला. नऊ दिवस मी हे केलं. नऊ ताकिदी दिल्या. तो दिवसेंदिवस जास्त गुन्हे करायला लागला, आणि का नाही करणार?

दहाव्या दिवशी सातवं प्रकरण काढलं. कर्मचारी निवृत्त होताना वरिष्ठाने त्याच्या दीर्घ सेवेबद्दल दोन शब्द बोलावेत, असं त्यात होतं. मी पिल्लाकडे पाहिलं. ते माझी उशी घेऊन उलट्या पावलांनी दाराकडे निघालं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तीन फर्मे उलटेपालटे करून पाहिले. पाचवा, सहावा आणि सातवा, तिन्ही बडेबाबूंचे. म्हणजे पिल्लाचे तीन फर्मे साहेबांच्या टेबलावर, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात.

तीस वर्षं नियम मोडला तेव्हा एक चूक झाली नाही, आणि पाळला तेव्हा ही झाली. हे तुमच्या भावांना सांगायला हवं होतं. ते हसले नसते. आधी शिलाई बघितली असती.

तर एकूण हिशेब तुम्हीच करा. पडदा गेला, चष्मा गेला, इभ्रत कचेरीत जमा आहे. पिल्लू मला सांभाळता आलं नाही, हे मी कबूल करते. रविवारी या, टोपली आणा आणि त्याला घेऊन जा. मात्र मी येणार नाही. अट मोडली म्हणा, भावजय खोटारडी निघाली म्हणा, सगळ्या नात्यात सांगा. पंख्याला ती खोली पुरेशी आहे, त्याला माझी सोबत नको. आता थांबते, तो शाईच्या बाटलीकडे बघतोय.

तुमची, सामान न बांधलेली,
भावजय

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बडेबाबू आले. मी टेबलाच्या आड उभी राहिले. त्यांनी पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून सांगितलं, साहेबांनी पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली आणि मधली तीन प्रकरणं विशेष आवडली. कुणी चांगलं काम केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्यावा, चुकलं तर आरडाओरडा न करता दुसरं काम हाती द्यावं, दिवसातून दोनदा बाहेर मोकळं फिरू द्यावं. कचेरीत चार वाजता बिस्किटं सुरू झालीत आणि लोक वेळेवर यायला लागलेत. मी भीतभीत विचारलं, की ही प्रकरणं आपणच लिहिलीत ना? 'माझ्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचं सार आहे ते, बाई!' म्हणाले. आणखी दहा प्रती बांधायचं काम देऊन गेले, नेमक्या तश्शाच हव्यात. तेव्हा चिरंजीवांना सांगा, त्यांच्या पुस्तकाच्या आणखी दहा प्रती पाठवा.

ता. क. दुसरं. टोपली रिकामी आणा आणि इथेच ठेवून जा. पोत्यात त्याला कडेचं सुतळीचं टोक टोचतं. (नेऊ नका असं मी म्हटलेलं नाही. पण तुमच्या घरी खळ नसते, त्याची उपासमार होईल.)

ता. क. शेवटचं. दहा प्रती पाट्याखाली दाबता येत नाहीत. म्हणून आज दुपारी शिकंज्याचं चाक फिरवलं. पहिल्या वेढ्याला दोन्ही हात लागले. कातरण शेजारी बसून होता, भुंकला नाही. आत काय होतं सांगू? तुम्ही त्यांच्याकडे बांधायला दिलेली तुमच्या कवितांची वही. ती सापडत नाही असं मी तुम्हाला चौदा महिने सांगत होते, ते खोटं होतं. कुठे आहे ते मला माहीत होतं. बांधणी अप्रतिम आहे, कोपरे बघत राहावेत असे. फक्त पुठ्ठा उलटा बसवलाय. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाने शेवटच्या कामात पुठ्ठा उलटा बसवला, वन्सं. वाचायला उघडली की तुमची सगळी कविता डोक्यावर उभी. मी इतकी हसले की कातरण घाबरून टेबलाखाली जाऊन बसला आणि पहिल्यांदा, मी न सांगता, जागेवर बसून राहिला.

असं काम घरातून बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. उसवून पुठ्ठा सरळ करायला अर्धा तास पुरेल. मी करणार नाही. माझं एवढंच मागणं आहे, वही मला राहू द्या. तुम्ही नव्या लिहा, मी फुकट बांधून देईन. मी दुपारपासून वाचते आहे, वही उलटी धरून. पहिल्या चार बऱ्या आहेत. पाचवी कातरणने सुरू केली होती, पण त्यालाही शेवटापर्यंत जाववलं नाही.