जोखीम कोणी बोलेना

१७ नोव्हेंबर
मले टीम लीडर केलं. डाळ मिलच्या प्रोजेक्टची. बचत गटातल्या बाया म्हणे, अंबूबाई ओरडते चांगली, तिलेच करा. चौथी शिकलेली बाई लीडर — घरी नवऱ्याले हसून हसून ठसका लागला. म्हणे, "मले बी देशीन का एखादं काम?" दिलं. गोठा झाडायचं.

मशीन संस्थेची आहे. अट एकच. गावात नवी तूर यायच्या आत मिल चालू पाहिजे. नाही झाली तं मशीन उंद्रीच्या गटाले. त्या टपूनच बसल्या आहेत.

२० नोव्हेंबर
संस्थेची दीपमाला आली चिखलीहून. पोरीच्या वयाची, रुबाब हेडमास्तरचा. प्रोजेक्ट कसा चालवायचा त्याचे नियम ठरलेले आहेत म्हणे, मोठमोठ्या कंपन्यांत बी हेच चालतात. एका कामाले एकच नाव. शेड सोजराबाईकडे, लाइटचं मीटर अन्नपूर्णाकडे, मशीन माह्याकडे. दुसरीच्या कामात हात घालायचा नाही. ठरलेल्यात बदल करायचा तं आधी सगळ्यांसमोर मांडायचा, सगळ्या हो म्हटल्या की मंगच करायचा. आठवड्याले आढावा.

म्हटलं, एवढ्या वेळात मी एकटीनं शेड उभी केली असती.

"तेच तर नकोय, मावशी," म्हणे. "तुम्ही करू नका. करून घ्या."

हे मले जमणार नाही. आजच लिहून ठेवते.

२४ नोव्हेंबर
पहिला आढावा. दीपमालानं विचारलं, "जोखीम काय काय आहे? म्हणजे या कामात काय बिघडू शकतं? एकेकीनं सांगा."

सगळ्या गप. परवाच पाया पूजला, नारळाचं खोबरं अजून दातात, आन् ही म्हणते काय बिघडन ते बोला! चांगल्या कामाच्या सुरुवातीले वंगाळ कोण बोलन? अन्नपूर्णा म्हणे, "काही बिघडत नाही. देवाच्या दयेनं सगळं होते." सोजराबाई म्हणे हाव. तिची सून प्रतीक्षा तोंड उघडत होती. सासूनं नुसतं पाह्यलं. मिटलं.

दीपमालाचा चेहरा उतरला. "जोखीम नाही असा प्रोजेक्ट मी अजून पाहिला नाही."

म्हटलं, आमचा पाह्य.

१ डिसेंबर
आढावा. जिले तिले विचारलं, काम झालं का? होऊन राह्यलं. मीटरचा अर्ज मात्र अन्नपूर्णाच्या घरी देव्हाऱ्यात, हळदीकुंकू लावून. मीच उचलला आन् चिखलीले देऊन आली. करून घ्यायले कोणाजवळ एवढा वेळ आहे?

९ डिसेंबर
मशीन आली. दारातून जाईना. आडवी केली, तिरपी केली. टेम्पोवाला बोंबलून राह्यला. शेड बांधणारा गोपाल मिस्त्री म्हणे, "आता एक तं दार कापा, नाही तं मशीन कापा." सोजराबाई दाराकडे पाहे. मी सोजराबाईकडे.

मंग प्रतीक्षा बाजूले येऊन हळूच म्हणे, "मावशी, मले माहीत होतं." खामगावले मशीन पाहायले गेलो तवा हिनं साडीच्या पदरानं मापून पाह्यली होती.

"मंग काऊन नाही बोलली वं?"

"दार आत्याबाईनं ठरवलं होतं. त्याइच्या समोर कशी बोलू?"

मी बी सून होती कधी.

१० डिसेंबर
सकाळीच पहार घेऊन गेली, दाराचा खांब फोडायले. दीपमाला आडवी आली. म्हणे, आधी बदल मांडा. असा संताप आला. तरी मांडला. तं गोपाल मिस्त्री म्हणे, "त्या खांबावर सगळा भार आहे, बाई. तो फोडला तं पत्रे तुमच्या डोक्श्यावर. मागची भिंत काढा, ती नुसती विटेची आहे."

मागची काढली. संध्याकाळी मशीन आत.

नियम बरा आहे. दीपमालाले सांगणार नाही, लय चढन ती.

१५ डिसेंबर
डोकं लावलं. या बाया सभेत तोंड उघडत नाहीत, पण घरची जुनी तूर निवडायले बसल्या की कोणाले सोडत नाहीत. हात सुपात, मान खाली, कोणाच्या तोंडाकडे पाहायचं कामच नाही. आढावा तिथंच घेतला. दीपमालाले बी एक सूप दिलं.

"मी लिहून घेऊ ना?"

"आधी खडे काढ. लिही मंग."

पाच मिनिटं नाही झाली तं सुरू. लाइट रातीच राह्यते, दिवसा जाते. पत्र्याले भोक आहे, नेमकं मीटरवर. मोटर उलटी फिरली तं? प्रतीक्षा सुपाकडे पाहत म्हणे, "मोटरचा पट्टा उघडा आहे. एखादीचा पदर गेला तं?"

सोजराबाई बी सुपाकडेच पाहत म्हणे, "बरं बोलली. जाळी लावू."

दीपमालाच्या सुपात खडे तसेच होते. पण खुश होती पोरगी. मी बी.

२२ डिसेंबर
जाळी लागली. मीटर लागलं. भोक बुजलं. मशीन चालवून पाह्यली. जमीन अशी थरथरे की तळपायाले गुदगुल्या. डाळ पिवळीधम्मक. मूठभर घरी आणून शिजवली, नवऱ्यानं तीनदा वाढून घेतली.

प्रतीक्षा म्हणे, बटन मी दाबून पाहू का? म्हटलं थांब, आधी मले नीट जमू दे.

शेतात तूर सोंगणीले आली.

२९ डिसेंबर
निवडायले बसलो. दीपमाला म्हणे, आता काय राहिली जोखीम?

प्रतीक्षा मान खाली घालून म्हणे, "अंबूमावशी."

सगळ्यांचे हात थांबले.

"मशीन फक्त त्याइलेच चालवता येते. चावी त्याइच्या कमरेले. दुसऱ्याले हात लावू देत नाहीत. त्या एक दिवस नाही आल्या तं मिल बंद. तूर आल्यावर काय करायचं?"

सोजराबाई म्हणे, "खरं आहे." अन्नपूर्णा म्हणे, "माह्या नावचं काम बी हिनंच केलं. मले इचारलं बी नाही."

आजवर मले असं कोणी बोललं नाही. सूप ठेवलं आन् घरी आली.

३० डिसेंबर
मिलवर गेली नाही. नवरा म्हणे, तब्येत बरी नाही का? म्हटलं, तब्येतीले काय धाड भरली.

पोरगी बोलली ती जोखीमच होती. राग आला ते वेगळं.

३१ डिसेंबर
प्रतीक्षाले बोलावलं. चावी दिली. मशीन कशी लावायची ते सांगितलं — आधी पट्टा ताणून पाह्य, मंग मोटर, तूर सगळ्यात शेवटी. दोनदा वदवून घेतलं.

"तुम्ही येता ना, मावशी?"

"नाही. माह्याबिगर चालली पाहिजे."

३ जानेवारी
गावात तूर आली. दुपारून मिलचा आवाज सुरू झाला. मी घरीच होती. चहा मांडला.