सुदानच्या मुलाचं प्रतिज्ञापत्र

आबा, एक कागद परत आला आहे आणि तो मी लिहिलेला आहे. तुमच्या हातचा अर्ज कधी परत आल्याचं मला आठवत नाही, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुपारची लाइट गेली आहे, दुकानातला कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद, म्हणून हाताने लिहितो आहे. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तरी वर तारीख घातली आहे आणि डावीकडे समास सोडला आहे.

तुमच्यानंतर बिलोलीच्या तहसीलसमोर तुमच्या टेबलावर मी वर्षभर बसलो. बारावी तेव्हाच सुटली. मग सगळे अर्ज ऑनलाइन झाले आणि टेबलाकडे माणूस येईना, म्हणून नांदेडला आलो. आता एका कॉलेजच्या फाटकासमोर माझा गाळा आहे. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म, प्रतिज्ञापत्र. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, पण मनातून मी स्वतःला अजून अर्जनवीसच म्हणतो. तुमचा शब्द आहे. इथली नवी पोरं विचारतात, म्हणजे काय हो दादा. मी सांगतो, लोकांचं म्हणणं सरकारला कळेल असं लिहून देणारा.

अजून डोळ्यांसमोर आहे ते. मी दहा वर्षांचा आहे. सीमेकडच्या गावातली एक बाई निराधार पगारासाठी आली आहे, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलते आहे, आणि तुम्ही मला सरावासाठी एका रद्द फॉर्मच्या पाठीवर तिचा अर्ज लिहायला लावलाय. मी लिहितो, अर्जदार अत्यंत गरीब आहे. तुम्ही त्यावर आडवी रेघ मारता. "गरीब हाय म्हणून काय लिवतो लेका? समदेच गरीब हायत. साहेबाला त्याचं काय? तिच्याकडं काय न्हाई ते लिव." मी परत लिहितो. पती हयात नाही. मुलगा नाही. घराला दार नाही. तुम्ही वाचता आणि माझाच कागद तिच्या अर्जाला लावून देता. त्या दिवशी मी घरापर्यंत पळत गेलो होतो.

आता परत आलेला कागद ज्याचा, तो मुलगा सुदानचा आहे. समोरच्या कॉलेजात बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पहिल्यांदा आला तेव्हा हिंदीही नीट येत नव्हती. आता देगलूर नाक्याकडे ज्या घरात भाड्याने राहतो तिथल्या माणसांची दखनी बोलतो, आणि सहा फुटांचा तो पोरगा "नक्को भाई" म्हणाला की दुकानातली गिऱ्हाइकं मागे वळून बघतात. दर वर्षी त्याचे कागद मीच करतो. एकदा सगळी फाइल लावून झाल्यावर म्हणाला, "भाई, एक कागद के वास्ते दुसरा कागद, उसके वास्ते तिसरा. तुम्हारे मुल्क में झाडां कैसे बचे?" मी त्याला म्हणालो, आमच्या मराठवाड्यात झाडं आहेतच कुठे. दोघंही पुष्कळ वेळ हसलो.

परदेशी विद्यार्थ्याला फी आपल्या पोरांच्या कितीतरी पट असते आबा. त्याचे वडील तिकडे मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे आणि वेळच्या वेळी पैसे पाठवायचे. मग तिकडे लढाई सुरू झाली. आधी दुकान गेलं, मग बँक बंद झाली, मग वडिलांचा फोन लागेनासा झाला. ते दुसऱ्या गावी सुखरूप आहेत एवढाच निरोप आला. फीची मुदत टळली. कॉलेजातले क्लार्क तसे मऊ माणूस आहेत. मला म्हणाले, "हप्ते पाडून द्यायला आमचं काय जातंय? पण पुरावा पाहिजे. उद्या तपासणीला काय दाखवू मी, याचं तोंड?"

पुरावा म्हटलं की आपल्याकडे काय करतात हे मला चांगलं ठाऊक आहे. स्कॉलरशिप असो, फीमाफी असो, उत्पन्नाचा दाखला काढायचा. तलाठी, तहसील, शिक्का. आपल्या वस्तीतली किती पोरं तुमच्या अशा कागदांवर शिकली. रस्त्यात जयभीम घालताना तुमचं नाव अजून काढतात. पण सुदानच्या मुलाला कोणता तलाठी दाखला देणार? म्हणून मी प्रतिज्ञापत्र करायचं ठरवलं. तीन दिवस लागले. त्याला समोर बसवून एकेक गोष्ट विचारली आणि तुम्ही शिकवलं तसंच लिहिलं. गरीब हा शब्द कुठेही नाही. वडिलांचं दुकान अस्तित्वात नाही. त्यांच्या बँकेची शाखा बंद आहे. मागील सात महिन्यांत मला कोणतीही रक्कम प्राप्त झालेली नाही. भारतात माझे पालनपोषण करणारा कोणीही नातेवाईक नाही. मला कोणतेही उत्पन्न नाही व नियमानुसार मी नोकरी करू शकत नाही. मराठीत एक, इंग्रजीत एक. इंग्रजीचे शब्द डिक्शनरीत तीन-तीनदा बघितले. क्लार्कनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "असा कागद तर वकीलबी लिवत न्हाईत हो." फीचे तीन हप्ते मंजूर झाले. त्याने लॅपटॉप विकून पहिला हप्ता भरला आणि आम्ही दोघांनी फाटकावर चहा घेतला. त्या दिवशी तुमची फार आठवण आली.

पुढच्या महिन्यात त्याच्या व्हिसाची मुदत संपत होती. वाढवून घ्यायचा फॉर्म ऑनलाइन असतो, तोही मीच भरला, कागद स्कॅन करून जोडले. गेल्या आठवड्यात मंगळवारी बोलावणं आलं, म्हणून त्याच्याबरोबर पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑफिसात गेलो. टेबलावर एक पोलीस ताई होत्या, आपल्या धर्माबादकडच्या असाव्यात बोलण्यावरून. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. स्क्रीनवर माझं प्रतिज्ञापत्र होतं.

"दादा, ह्यानं तर सोताच लिवून दिलंय की माह्याकडं एक रुपया येत न्हाई, मला कोणी बघणारं न्हाई. मग ह्याला हितं ठिवायचं कशाच्या भरवशावर? व्हिसाला उलटं लागतंय. खर्चाची सोय हाय असं दाखवावं लागतंय."

मी म्हणालो, ताई, ते फीसाठी होतं.

"फीसाठी असू द्या न्हाईतर कशाबी साठी. शपथेवर हाय ना? मग आता म्या काय करू? वरून शेरा आलाय." त्यांनी परत स्क्रीनकडे बघितलं. "लिवलंय लई पद्धतशीर पण. कोणी लिवलं हे?"

त्या मुलाला मराठी पुरतं कळत नाही, पण एवढं कळलं. त्याने मोठ्या अभिमानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये भाई लिखे, मॅडम."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, पंधरा दिवस हायत. खात्यावर पुरेसे पैसे दाखवा, न्हाईतर ज्याचं उत्पन्न कागदावर दिसतंय असा हमीदार आणा. नसता त्याला जावं लागंल. कुठे जावं लागेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच्या शहरात विमान उतरत नाही.

हमीदार म्हटल्यावर पहिल्यांदा मी स्वतःचाच विचार केला. पण माझ्याकडे राहणाऱ्या भाचीच्या स्कॉलरशिपसाठी गेल्या वर्षी माझा दाखला काढलाय, त्या आकड्यात मी माझंही पोट भरतो हे नवल आहे. शेजारच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "आरं बाबा, माझं उत्पन्न तूच कमी लिवलंस ना पोरीच्या फीमाफीला? आता तूच वाढवून दे, मंग मी हमी देतो." हसला, पण त्याचं खरं होतं. मेसवाली मावशी, रिक्षावाला, त्याचा घरमालक, सगळ्यांची हीच गत. माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांचे दाखले मीच काढलेले आहेत. सांगतील तसं मी भरत गेलो आणि आता कागदावर आमच्यात धड उभं राहील असं एकही माणूस नाही. कॉलेजातल्या एका पगारदार सरांना विचारलं. घरी विचारून सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाहीत. त्यांचंही मी वाईट मानत नाही, परक्या मुलुखातल्या पोराची हमी कोण घेणार.

मधल्या काळात कैरोतल्या त्याच्या बहिणीने एका विद्यार्थ्याच्या हाती दुसऱ्या हप्त्याचे पैसे पाठवले. ती तिथे लोकांच्या घरी कामं करते. ना बँक, ना पगाराची चिठ्ठी, म्हणजे हमीला तीही चालत नाही. ते पाकीट घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. क्लार्क म्हणाले, व्हिसा वाढल्याचा कागद आल्याशिवाय मला पावती फाडता येत नाही. पैसे नव्हते तेव्हा हा पोरगा वर्गात बसत होता. आता हप्ता हातात आहे तर घेत नाहीत. तो रोज सकाळी पाकीट शर्टाच्या आत ठेवून येतो, विचारतो आणि परत जातो. परीक्षेचा फॉर्म भरायला सहा दिवस राहिले आहेत.

आबा, या आठवड्यात मला सारखा लातूरचा तो दिवस आठवतो. दहावीला मला चांगले गुण पडले होते आणि तुम्ही मला लातूरच्या एका क्लासला घेऊन गेला होता, फीत सवलत मागायला. तुम्ही कधी स्वतःसाठी अर्ज लिहिला नव्हता, तो पहिलाच. ऑफिसातल्या सरांनी तो उभ्यानेच वाचला आणि तुम्हाला खुर्ची दिली. म्हणाले, "काय अक्षर आहे हो तुमचं. आमच्या पोरांना दाखवायला पाहिजे." तुम्ही एवढे खूश झालात की चहा पिऊन, हात जोडून आपण बाहेर आलो. सवलतीचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. एसटीत अहमदपूर येईपर्यंत तुम्ही त्या सरांचंच बोलत होता. घरी मायला सांगितलंत, "लई मोठा माणूस, पर अर्जाची किंमत कळली त्याला." माय म्हणाली, "मंग पोराला घेतलं का?" तुम्ही हातपाय धुवायला मोरीत गेलात. मी पुष्कळ वर्षं तुमच्यावर त्या दिवसाचा राग धरला. तुम्ही आजारी होता तेव्हाही धरला होता.

काल संध्याकाळी तो मुलगा दुकानात आला. फॉर्म भरायला आलेल्या पोरांना जागा करून देत कोपऱ्यात उभा राहिला. गर्दी ओसरल्यावर म्हणाला, "भाई, एक बात बोलो. वो फीस का कागद, व्हिसावाले लोगां मंगेच कायकू? उनकू क्या काम था उसका?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत म्हणालो, "नियम है उनका." तो म्हणाला, "हौ. नियम है तो तुम क्या करते." आणि माझ्यासाठी चहा सांगायला बाहेर गेला.

नियम नव्हता आबा. व्हिसाच्या फॉर्मवर कागदांची यादी होती, मी ती दोनदा वाचली होती. सात कागद मागितले होते. प्रतिज्ञापत्र त्यात नव्हतं. शेवटी ‘इतर’ म्हणून एक रिकामा रकाना होता, तो मोकळा सोडला असता तरी चाललं असतं. मी त्यात ते जोडलं. मला राहवलं नाही. इतकं चांगलं मी पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, आणि ते वर कुठेतरी, मुंबईला, दिल्लीला, एखाद्या मोठ्या साहेबाने वाचावं असं मला वाटत होतं.