आश्रमाच्या चक्कीला दिलेले भांडवल

मी, मार्तंड लहानुजी वैरागडे, वय अडुसष्ट, धंदा मिरचीची अडत, राहणार इतवारी, नागपूर, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवीत आहे. वय झाले, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मुलाचा राग आहे, पण रागाला कायद्यात दाब म्हणत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी रुखमाबाई हिचे. ती हयात असेपर्यंत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये. माझे मेहुणे बळीराम वरच्या खोलीत सतरा वर्षांपासून चार दिवसांसाठी राहत आहेत. त्यांनी राहावे की जावे, हे तिने ठरवावे. मला ते कधी जमले नाही.

२. अडतीचे दुकान, गोदाम, काटे-वजने आणि माझी स्वतःची तिखटाची चक्की मुलगा चंद्रभान याला. चक्कीच्या शेडमधले दोन एक्झॉस्ट पंखे त्याने कधी बंद पडू देऊ नयेत. ते मी १९६९ साली बसवले, कारण हमाल खोकत होते आणि मीही तिथेच बसत होतो.

३. बँकेतील मुदत ठेवी चंद्रभानला मिळणार नाहीत. त्याला कारण कळले पाहिजे, म्हणून हे कलम लांबले आहे.

१९७१ साली उमरेड रस्त्यावरील निराधार स्त्रियांच्या आश्रमाच्या संचालिका कांताबाई गजभिये वर्गणी मागायला दुकानात आल्या. मी म्हणालो, "बाई, वर्गणी सरते अन् तुमी पुन्हा येता. मी दान नाही देत, भांडवल देतो. चक्की टाका, तिखट विका, माझे पैसे व्याजासकट परत करा." त्यांनी वर्गणीचे पावतीपुस्तक मिटले. मग म्हणाल्या, "कागद करून द्या." मी नऊ हजार दिले, बँकेपेक्षा कमी व्याजाने, दरवर्षी एक हप्ता. मिरची माझ्याच दुकानातून घ्यावी, अशी एक अटही खाली घातली.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर माती वाहणारी, नवऱ्याने टाकलेली शामला त्या चक्कीची मुकादम झाली. हप्ता भरायला ती स्वतः येई, धुतलेले लुगडे नेसून. वाचता येत नसे, तरी पावती नीट पाहून घडी करून नेई. एकदा दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, आश्रमातली बाई म्हणून, तिच्यापुढे चार आणे धरले. ती म्हणाली, "ठेवा जी तुमच्यापाशी. आमी मांगणाऱ्या नोहो, कर्जदार आहो."

१९७४ च्या उन्हाळ्यात कांताबाई तिला घेऊन आल्या. "भाऊ, बायांले खोकला लागून राहिला. खोली कोंदट आहे. या साली पंखा घेऊ द्या, हप्ता पुढच्या साली घ्या."

मी म्हणालो, "काहून? एकदा सोडला का मंग ते दानच झालं."

कांताबाईंनी शामलाकडे पाहिले. शामला म्हणाली, "बाई, हप्ता देऊन टाका. पंखा मंग पाहू."

तिचे हे शब्द मी पुढे पाच वर्षे ज्याला-त्याला सांगत आलो. आता सांगत नाही. पंख्यावाचून त्या खोलीत छातीचे काय होते, हे तिला माहीत नव्हते, मला होते. पुढच्या साली मिरची महागली, तेव्हाही पंखा राहिला. तो भाव माझ्याच दुकानाचा होता.

त्याच १९७५ साली व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने माझा दानशूर म्हणून सत्कार केला. भाषण बळीरामांनी लिहिले. मी कर्ज दिले होते, दान नव्हे, हे उठून सांगता आले असते. मी शाल घेतली. समोर आश्रमातून बोलावलेल्या बायांच्या रांगेत शामला पदर तोंडाशी धरून खोकत होती.

फेब्रुवारी १९७६ मध्ये ती गेली. वय चौतीस. शेवटचे चार महिने तिला आडवे होता येत नव्हते. भिंतीला टेकून, बसूनच डोळा लावी. मी एकदा भेटायला गेलो. तिने विचारले, "औंदाचा हप्ता भरला ना जी?" भरला होता. मीच घेतला होता.

शेवटचा हप्ता १९७८ साली कांताबाई स्वतः घेऊन आल्या. मी म्हणालो, "बाई, हे राहू द्या. पंखे बसवा." त्या म्हणाल्या, "पंखे बसवले आमी, शामला गेल्यावर. आता पावती द्या." मी पावती दिली. नंतर दोनदा चेक पाठवला, दोन्ही वेळा परत आला.

४. म्हणून त्या ठेवींचा एक निधी करावा. त्यातून अनाथ, अपंग, टाकलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांना धंद्यासाठी भांडवल द्यावे. ते परत घ्यावे, कारण परत करणाऱ्याची मान ताठ राहते, हे मी शामलेत पाहिले आहे. पण व्याज घेऊ नये. नफा झाला तरच हप्ता घ्यावा. तोटा आला तर तो आधी निधीचा. पैसे देण्यापूर्वी देणाऱ्याने कामाच्या खोलीत एक पूर्ण दिवस काम चालू असताना बसावे. जिथे त्याला बसवणार नाही, तिथे आधी पंखा, खिडकी, जे लागेल ते करावे, आणि तो खर्च परत मागू नये. कर्जदाराने माल कोणाकडून घ्यावा, हे निधीने सांगू नये.

५. सत्काराची शाल हमालांपैकी ज्याला थंडी वाजत असेल त्याने न्यावी. मानपत्र रद्दीत घालावे.

६. निधी पाहायला तीन माणसे असावीत. एक चंद्रभान. तो रागावला आहे, पण हिशेबाला सरळ आहे. दुसरे वकील वामनराव ढोबळे. तिसरी जागा कांताबाई गजभिये यांची. मी मागच्या सोमवारी आश्रमात जाऊन त्यांना विचारले. त्यांनी सगळा मसुदा वाचला, परत माझ्या हातात दिला आणि चक्की सुरू करायला उठून गेल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या येईपर्यंत ती जागा मोकळी ठेवावी. त्या आल्याच नाहीत, तरी तिथे दुसऱ्या कोणाचे नाव घालू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्याच मनातले आहे, म्हणून दोघांसमक्ष सही करीत आहे.

(सही) मार्तंड लहानुजी वैरागडे

साक्षीदार:
(सही) रुपराव दौलतजी साखरवाडे, किराणा व्यापारी, इतवारी
(सही) डॉ. गोविंद केशव भुसारी, महाल

नागपूर, दिनांक २३ नोव्हेंबर १९७९