खोटा निघाला म्हणून साखर

आये, या आठवड्यात कसालला बचत गटाच्या बायकांपुढे बोलायला गेले होते. फोनवरून लोक कसे गंडवतात, पासवर्ड कोणाला सांगू नये, घाबरवणारा निरोप आला तर आधी खात्री करावी, असलं सगळं सांगायला बँक मला गावोगाव पाठवते. तिथे मी तुझी गोष्ट सांगते. बायका आधी पोट धरून हसतात, मग एकेक जण बाहेर जाऊन पोराला फोन लावते. हे तुला कळवावंसं वाटलं म्हणून बसलेय. बँकेच्या मराठीत लिहितेय, हसू नकोस. तुझं बोलणं आलं की मालवणी येईलच.

दादा पहिल्यांदा परदेशी बोटीवर नोकरीला निघाला तेव्हाचं आठवतं? त्याचं ई-मेलचं खातं उघडायला आपण तिघं बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो होतो. मासे विकून तू तशीच आलीस, टोपली बाहेर ठेवलीस आणि देवळात शिरावं तशी चपला काढून आत गेलीस. पासवर्ड म्हणजे कुलूप, असं मी सांगितलं. लगेच तुझं उत्तर, “मगे देवीचा नाव घाल.” मी म्हटलं, अगं, वाडीतल्या बोटीवर गेलेल्या सगळ्या पोरांनी तेच घातलंय, कोणीही ओळखेल. “ओळखांदे! तिच्यापेक्षा मोठी राखण तू खंयसून हाडतलंस गो?” आणि देवीपुढे गाऱ्हाणं घालताना घेतात तसं ते नाव तू एवढ्या मोठ्याने घेतलंस की शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या गृहस्थाने हात जोडले. दादाने मान खाली घालून तेच नाव टाकलं. त्याचं पहिलं पत्र भर समुद्रातून आलं तेव्हा तू कितीतरी वेळ त्या पडद्यासमोरून हललीच नाहीस. “टपाल मुंबयसून येवक आठ दिवस लागतत, आणि ह्यो दर्यातसून आत्ता बोलता?” तुला असं थक्क झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग ते दुसरं पत्र आलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तू पडवीत सुकट निवडत बसलेली. कॅफेतून मी ते छापून आणलं; वर ई-मेलचा पत्ता दादाचाच होता. लिहिलं होतं: बोट मला परमुलखातल्या इस्पितळात टाकून पुढे गेली, पोटाचं ऑपरेशन करायचं आहे, पैसे भरल्याशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, माझा फोनही गेला. मी इंग्रजीतून वाचून सांगत होते आणि तुझा हात सुकटीत तसाच थांबला होता. मुंबईतलं कंपनीचं ऑफिस फोन उचलेना. मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबूया, खात्री करूया. तू माझ्यावर जी उसळलीस! “उद्यापर्यंत तो थंय कण्हत रवांदे?” बोलता बोलता गळ्यातली बोरमाळ काढलीस. ती मोडली आणि त्याच दिवशी पैसे त्या पत्रातल्या पत्त्यावर गेले.

नंतर तू जेवणाकडे बघेनास. रडलीही नाहीस. मला एवढंच विचारलंस, “तेका भूल दितले तेवा तो कोणाक हाक मारतलो गो? थंय कोण आसा तेचा?”  मी उगाच भांडी घासत राहिले.

आणि मग फोन वाजला. कुठल्याशा बंदरातून दादा, पलीकडे गाण्यांचा गोंगाट. “आये, मी बरो आसंय. कसला ऑपरेशन? आत्ताच जेवलंय.” त्याचं खातं कोणीतरी फोडलं होतं. देवीचं नाव कोणी ओळखलं की कॅफेत ऐकलं, ते कधी कळलंच नाही. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. कष्टाची बोरमाळ एका चोराच्या घशात! मी त्या चोराच्या आईवरून शिव्या देत होते, आवशीक खांव त्याच्या आणि काय काय. तू उठलीस, पदर खोचलास, डब्यातली साखर वाटीत ओतलीस आणि वाडीत घरोघर वाटत सुटलीस. शेजारणीला वाटलं दादाला बढती मिळाली. खरं कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. “चोरान फशयल्यान म्हणून साखर वाटतंस? खुळी झालंस काय?”

“व्हय! खोटा निघाला मा!”

मी चिडून देवीवर घसरले. काय राखलं गो तुझ्या देवीने? तू शांतपणे म्हणालीस, “तिना माझ्या झिलाक, तुझ्या दादाक राखल्यान. त्या कॉम्प्युटरच्या डब्याक कशाक राखीत बसतली?”  तुला ओढतच मी पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या साहेबांनी सगळं नीट लिहून घेतलं आणि विचारलं, आजी, आणखी काही सांगायचंय? तू हात जोडलेस. “सायबानू, गावलो तर तेका धरा. पण तेच्या आवशीक कळवू नकात. ती जीव सोडीत.” साहेबांनी तेही लिहून घेतलं.  मासळीबाजारात एका बांगड्यासाठी गिऱ्हाइकाचे वाभाडे काढणारी तू! आये, एवढी मोठी तू कधी झालीस, मला कळलंच नव्हतं.

त्यानंतर हातोहात लुबाडले गेलेले पुष्कळ लोक मी बँकेत पाहिले. रागावलेले, लाजलेले, घरच्यांपासून लपवणारे. साखर वाटणारं कोणी भेटलं नाही.

आता तर आवाजही खोटे करतात. माणसाचं थोडंसं बोलणं मिळालं की यंत्र त्याच्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतं. पोराचा आवाज ऐकलात तरी भुलू नका, असं मी कसालच्या बायकांना बजावून आले. घरी आल्यावर, तू गेल्यापासून बंद असलेलं तुझं कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. दादाला बोटीवर पाठवायला तू भरलेली आणि मग राहूनच गेलेली. त्यात तू त्याला बाजारभाव सांगतेस, शेजारणीची चहाडी करतेस. माझ्याशी एक शब्द नाही. यावरून तुझा आवाज करता येईल का, असं ऑफिसातल्या एका मुलीला सहज विचारलं, तर ती म्हणाली, मॅडम, एवढं पुष्कळ झालं, काय बोलायला हवं ते लिहून द्या.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून तुलाच सांगते. “जेवलंस गो?” एवढंच लिहून ठेवलंय. अजून तिला दिलेलं नाही. उद्या देईन, आये. खोटं आहे हे पक्कं ठाऊक असून देईन.